पडदा कशावर पाडायचा?

चूक तुमची आहे, अध्यक्षसाहेब. नाटकाचं शेवटचं वाक्य तुम्ही कापलंत आणि पडद्याला सांगायला विसरलात. आता खुलासा मागताय तो पडदा ओढणाऱ्या बाईकडे. थिएटरच्या समितीची बैठक झाली, चहा झाला, वाक्यावर तांबडी रेघ मारून झाली. त्या वाक्याला काय टांगलेलं आहे, हे विचारायचं तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या दिवशी तुम्ही पहिल्या रांगेत होतात, पण पहिल्या रांगेतून विंग दिसत नाही. तेव्हा जे दिसलं नाही ते आता ऐका.

थिएटरात तिला सगळे घोरपड म्हणतात. दोर धरला की सोडत नाही म्हणून सेट लावणाऱ्या मिस्त्रीने हे नाव पाडलं, ते चिडवायला. तिने ते असं काही अंगावर घेतलं की आता मॅनेजरच्या तोंडूनसुद्धा तिचं खरं नाव चटकन निघत नाही. डाव्या विंगेच्या मागे काळ्या कापडाआड तिचा कोपरा आहे. एक माणूस उभा राहील इतकीच जागा. वर कप्प्या, समोर जाड दोर, दोर अडकवायला लोखंडी आकडा आणि पर्स टांगायला एक खिळा. तो खिळा तिने स्वतः ठोकलाय. तिथे बसायची सोय नाही. पडदा बसून ओढता येत नाही.

तिच्या आधी हा दोर तिच्या बाबांच्या हातात होता. बाबांचा खांदा निखळला तेव्हा ती दोन दिवसांपुरती आली, ती आलीच. मॅनेजरने तेव्हाच नाक मुरडलं होतं, "दोर ओढणं हे काय बाईमाणसाचं काम आहे?" मग त्यांनी मोटर बसवून घेतली. पहिल्याच प्रयोगाला पडदा अर्ध्यावर अडकला आणि राजाचे नुसते पाय प्रेमाचे संवाद म्हणत राहिले. मोटर गेली अडगळीत, घोरपड परत कोपऱ्यात. पण कायम कुणी केलं नाही. बदलीवर आली होती, बदलीवरच राहिली, आणि तिला कायम करायचा प्रस्ताव तुमच्याच टेबलावर पडून होता, साहेब. म्हणजे वाक्य कापणारे तुम्ही आणि तिची नोकरी ठरवणारेही तुम्हीच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाबांनी तिला दोर शिकवला तो आधी तोंडाने, मग हाताने. "पडदा शब्दावर पडतो," ते सांगायचे. "टाळ्यांवर नाही, दिव्यांवर नाही, आणि विंगेतून कुणी हात हलवला म्हणून तर मुळीच नाही." या शेवटच्या कलमामागे त्यांची स्वतःची फजिती होती. उमेदीत असताना समोरच्या विंगेत कुणीतरी डास मारायला हात झटकला, बाबांना वाटलं इशारा झाला, आणि मरायला टेकलेल्या नायकाला त्यांनी मरायच्या आत झाकून टाकलं. पडद्यामागून नायकाच्या शिव्या शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. तेव्हापासून त्यांनी हातांकडे बघणं सोडलं. घोरपडीलाही सोडायला लावलं.

मग ती गुजराती नाटकमंडळी आली. दर रविवारी दुपारचा प्रयोग. घोरपडीला गुजराती येत नव्हतं. आपल्याला नाटक बघायचं नाही, पडदा पाडायचा आहे, असं ती म्हणायची. पहिल्या तालमीला ती थेट मुख्य भूमिका करणाऱ्या बाईंकडे गेली. त्यांना मंडळीतले सगळे बेन म्हणत, म्हणून तीही बेन म्हणाली.

"बेन, तुमचं शेवटचं वाक्य तेवढं द्या."

"घे. हवे हुं बेठी छुं. तमे ऊभा रहो."

घोरपडीने ते तोंडात घोळवलं, परत म्हणून दाखवलं, चुकलं, परत म्हटलं. बेन हसल्या. "अर्थ नको?"

"दोराला अर्थ लागत नाही."

"दोराला नको असेल, तुला सांगते. आता मी बसले आहे. तुम्ही उभे राहा."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पण त्याच्या आधी अख्खं नाटक मी उभी आहे, ते बघ."

तिने बघितलं. बघू नये असं ठरवूनही बघितलं. नाटकातली बाई एका व्यापारी घरातली सून, नवरा शेठ. घराचा धंदा चालवते तीच. माल कुठून आणायचा, बिथरलेल्या कामगारांशी काय बोलायचं, सगळं तिच्या डोक्यातून निघतं. पण बैठक भरली की नवरा बसतो, सासरा बसतो, धाकटा दीर लोळतो, आणि ही उभी. पाणी देते उभी, सल्ला देते उभी, बोलणी खाते ती उभ्यानेच. तिन्ही अंकांत बेन एकदाही टेकत नाहीत. शेवटी धंदा दिराच्या नावावर करायचं ठरतं, कुणी बडा पाहुणा येतो, त्याच्या स्वागताला पुरुष उठतात आणि मोठी खुर्ची क्षणभर रिकामी होते. ती जाऊन बसते. आता उठेल मग उठेल म्हणून सगळे थांबतात. ती उठत नाही. वाक्य म्हणते. पडदा.

पहिल्या प्रयोगाचा पडदा पाडून घोरपड घरी गेली आणि बाबांना म्हणाली, "आज पडदा जड लागला."

"कप्पीला तेल घाल."

"कप्पीचं नाही हो बाबा."

नाटक चाललं. खुर्च्या कमी पडायला लागल्या. बाहेर पडणाऱ्या बायका जिन्यावर एकमेकींना ते वाक्य ऐकवायच्या आणि खिदळायच्या. एकीने तर तिकीट खिडकीपाशी नवऱ्याला ऐकवलं, तो पैसे सुटे करत होता आणि ही बाकावर बसली होती. ते कुणाच्या तरी वर्मी लागलं. तक्रारी आल्या. घरातलं वातावरण बिघडतं म्हणे. साहेब, बसलेल्या बाईने ज्या घरातलं वातावरण बिघडतं, ते घर आधीच किती धडधाकट असेल?

तर तुम्ही हुकूम काढलात. शेवटचं वाक्य वगळून प्रयोगाला हरकत नाही. हुकूम मेकअपच्या खोलीत आरशाला चिकटवला गेला. दिग्दर्शकाने नटांना सांगितलं. लाइटवाल्याला सांगितलं, तू पडद्याकडे लक्ष ठेव, पडदा हलला की दिवे घालव. पडदेवाली थिएटरची, म्हणून तिला मॅनेजर सांगतील असं दिग्दर्शक समजला. पडदा नाटकाचा, म्हणून दिग्दर्शक सांगेल असं मॅनेजर समजले. घोरपड मागच्या दाराने येते, सरळ कोपऱ्यात जाते. मेकअपच्या खोलीशी तिला काय काम? तिला आरशात बघायला सवड नसते.

त्या रविवारी तुम्ही स्वतः आलात. आपला हुकूम पाळला जातोय का ते बघायला.

बेन बसल्या. घोरपडीने दोर आकड्यावरून काढला, तळव्याला एक वेढा घेतला आणि कान लावला.

वाक्य आलं नाही.

तिला आधी वाटलं, बेन आज लांबवतायत. मग वाटलं, विसरल्या. पण बेन झोपेतसुद्धा विसरणार नाहीत. समोरच्या विंगेत दिग्दर्शक दोन्ही हात वारं घातल्यासारखे हलवत होता. घोरपडीला तो दिसला. तिच्या डोळ्यांपुढे आला तो बाबांचा डास. ती हलली नाही.

इथपर्यंत चूक. तुमची, दिग्दर्शकाची, मॅनेजरची, वाटून घ्या. तिचीही थोडी धरा हवी तर.

मग मागून मिस्त्री वाकत वाकत आला. "ए घोरपड, पाड की! झोपलीस का?"

"वाक्य कुठाय?"

"कापलंय ते! वरून हुकूम आलाय. आज नाही म्हणायचं."

"मला कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय ना आता! पाड!"

आता तिला कळलं होतं. साहेब, या क्षणापासून पुढचं नीट ऐका, कारण तुमचा खुलासा इथे आहे.

तिने रंगमंचाकडे बघितलं. बेन खुर्चीत होत्या. रोज बसायच्या आणि वाक्य म्हटलं की पडदा पडायचा, पडदा पडला की लगेच उठून पदर, दागिने सांभाळत मेकअपच्या खोलीकडे पळायच्या. त्या खुर्चीत नीट टेकून बसायला त्यांना कधी मिळालंच नव्हतं. आज मिळालं होतं. बेननी चपला पायांतून सोडल्या. पाठ टेकली. सुजलेले घोटे एकावर एक ठेवले. ते काही नाटकातलं नव्हतं.

"पाडतेस का मी पाडू?" मिस्त्री दोराला हात घालायला लागला.

"हात लावशील तर कप्पीला तुलाच टांगेन," घोरपड म्हणाली. "आत्ताच तर बसलीय ती."

"अगं, नोकरी जाईल तुझी!"

"जाईल तेव्हा जाईल. तू जरा बाजूला हो, उजेड अडवतोयस."

आणि तिने दोराचा दुसरा वेढा घेतला.

तिकडे रंगमंचावर पुरुषांची दैना. शेठचं काम करणाऱ्या नटाचा गुडघा आधीच कामातून गेलेला. पाहुण्याचं स्वागत करून तो जो उभा होता तो उभाच. बसावं तर खुर्ची गेलेली, जावं तर प्रवेश संपलेला नाही. सासरा दोनदा खाकरला. दिराने भिंतीला टेकायचा प्रयत्न केला, पण भिंत कापडाची होती. लोक हसले. मग आणखी एक लाट हसण्याची आली. आणि मग हसणं थांबलं, कारण बेन हसत नव्हत्या. त्या नुसत्या बसल्या होत्या. एक बाई बसली आहे आणि तिला कुणी उठवत नाही, एवढंच ते थिएटरभर माणसं बघत राहिली. अशी शांतता घोरपडीने त्या कोपऱ्यात कधी ऐकली नव्हती.

तुम्हाला ती सहन झाली नाही. तुम्ही पहिल्या रांगेतून उठलात आणि ओरडलात, "पडदा पाडा! कोण आहे तिथे? पडदा!"

तुम्ही उभे होतात, साहेब. बेन बसल्या होत्या. सगळ्या थिएटरला ते एकदमच दिसलं.

वर बाल्कनीतून एक म्हातारा आवाज आला, बाईचा, कापरा पण स्वच्छ. "हवे हुं बेठी छुं. तमे ऊभा रहो."

मग खालून एक आवाज. मग मधल्या रांगेतून तीन-चार. मग किती ते मोजायचं कुणाला सुचलं नाही. पुरुषांचेही होते त्यात. बेनच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. तुमचा हुकूम त्यांनी तंतोतंत पाळला.

घोरपडीला तिचा शब्द मिळाला. तिने दोर सोडला, बाबांनी शिकवला तसा, एका लयीत, कुठे गचका नाही. पडदा खाली टेकला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तळवा सोललाय.

दोन दिवसांनी मॅनेजरने तिला खोलीत बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा "बस" म्हणाले. टेबलावर तिच्या नावाने लिहिलेला खुलाशाचा कागद तयार होता.

"हे बघ बाई, मी तुझ्या भल्याचंच बघतोय. साहेब चिडलेत, पण त्यांनाही गाजावाजा नकोय. सही कर. प्रकरण मिटलं. आणि तुला कायम करायचं कामही याच बैठकीत करून टाकू म्हणालेत."

तिने कागद वाचला. बदललेल्या सूचनेची कल्पना नव्हती, लिहिलं होतं. बरोबर. भाषा अवगत नाही, लिहिलं होतं. तेही एक वेळ ठीक. आणि शेवटी, स्त्री असल्याने ऐनवेळी गोंधळून गेले व दोर हाताळता आला नाही.

"हे शेवटचं काय आहे?"

"अगं, लिहायची पद्धत असते. त्याने काय अंगाला भोकं पडतात?"

"हे मी म्हटलं तर मला कायम करणार?"

"हो, म्हणतोय ना!"

"आणि माझ्यानंतर या दोराला परत एखादी बाई लावणार?"

मॅनेजर पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या खिशालाच होतं.

घरी बाबा वाट बघत होते. त्यांना सगळं कळलेलं होतं. मिस्त्रीच्या पोटात काही राहत नाही.

"सही केलीस?"

"नाही."

"पोरी, डोकं ठिकाणावर आहे का? किती वर्षं थांबलोय आपण या कायमसाठी?"

"तुम्ही असता तर काय केलं असतं?"

बाबांनी दुखरा खांदा चोळला. खोटं बोलावं असं त्यांना वाटलं असणार, पण मुलगी समोर बसून बघत होती. "पाडला असता," ते म्हणाले. "मिस्त्रीने सांगितल्यावर लगेच पाडला असता. मी वरच्यांच्या हुकमापुढे कधी गेलो नाही."

"मग शब्दावर पडतो म्हणून कशाला शिकवलंत?"

"मला वाटलं, शब्द काय, कुणीतरी म्हणणारच." मग म्हणाले, "तू का नाही पाडलास?"

"ती पहिल्यांदाच बसली होती, बाबा. मी पडदा पाडला की तिला उठावं लागतं."

बाबा उठले. कपाटाच्या वरून तेलाची कुपी काढली, तिचा सोललेला तळवा हातात घेतला आणि तेल लावत बसले. खूप वेळाने त्यांच्या तोंडून निघालं, "घोरपड कुठली!" मिस्त्री म्हणतो तसं नाही. बाबांनी ते असं म्हटलं की तिची मान दोन बोटं वर गेली, ती अजून खाली आलेली नाही.

मग तुमची बैठक. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, तुम्ही मधोमध. तिला सकाळपासून बाहेर ताटकळत ठेवलं आणि आत आल्यावर तुम्ही गोड आवाजात म्हणालात, "बसा, बसा. घाबरू नका."

"राहू दे," ती म्हणाली. "मला उभ्याने कामाची सवय आहे."

"तुमच्याकडून चूक झाली, एवढं मान्य करा. आम्ही समजून घेऊ."

"थोडी झाली. मिस्त्री येईपर्यंतची चूक आहे. ती लिहा."

"आणि नंतरची?"

"नंतरचं मी केलं."

तुमच्या शेजारचे सदस्य पुढे झुकले. "म्हणजे त्या नटीने तुम्हाला खूण केली. सांगून टाका, तुम्हाला काही होणार नाही."

"मी खुणांवर पडदा पाडत नाही. थांबवतही नाही. वाक्य कापलंय हे कळल्यावर मी दोर धरून ठेवला. जाणूनबुजून. गोंधळून नाही. माझा हात हललासुद्धा नाही, हवं तर मिस्त्रीला विचारा, तो घाबरला होता, मी नव्हते."

"तुम्हाला कळतंय का, याचा परिणाम काय होईल?"

"कळतंय. पण साहेब, मला एक विचारायचंय. येत्या रविवारी प्रयोग आहे. वाक्य तुम्ही काढून घेतलंत. मग पडदा कशावर पाडू?"

तुम्ही सेक्रेटरीकडे पाहिलंत, त्याने छताकडे.

"ती बसली की पाडा," तुम्ही म्हणालात.

"बसणं म्हणजे काही शब्द नाही. शब्द द्या. ती बसल्यावर काय म्हणते ते सांगा. माफ करा म्हणते? उठते म्हणते? तुम्ही लिहून द्या, बेन म्हणतील का ते बेन बघतील. पण मला शब्द पाहिजे. त्याशिवाय दोर सुटत नाही."

"आम्ही कळवू," तुम्ही म्हणालात. "बाहेर थांबा."

ती बाहेर थांबली. संध्याकाळी शिपाई दारं लावायला आला तेव्हा त्यानेच सांगितलं की सगळे मागच्या दाराने गेले.

तुम्ही मागच्या दाराने गेलात. ज्या दाराने ती रोज कामाला येते, तसल्याच दाराने.

पुढच्या रविवारी मॅनेजरने दोराला दुसरा माणूस लावला. चांगला दणकट गडी. पहिल्या अंकातच त्याच्या हातून दोर निसटला आणि पडदा शेठच्या डोक्यावर आला. शेठ म्हणाला, गुडघा गेलाय, आता डोकं मी देणार नाही. मध्यंतरात मॅनेजर स्वतः तिकीट खिडकीपाशी आले. घोरपड तिथे पैसे मोजून रांगेत उभी होती, पुढच्या रविवारचं बाल्कनीचं तिकीट काढायला.

"चल," मॅनेजर म्हणाले.

"शब्द आला का वरून?"

"नाही आला. तू चल आधी."

ती गेली. शेवटी बेन बसल्या, चपला सोडल्या, पाठ टेकली. दिग्दर्शकाने हात हलवले नाहीत, खिशात घालून उभा राहिला. पुरुष उभे राहिले. शेठने या वेळी गुडघ्याला पट्टा बांधून आणला होता. मग समोरच्या अंधारातून वाक्य आलं, आणि दोर सुटला.

तेव्हापासून दर रविवारी हेच चाललंय. लोक आता त्या शांततेसाठी येतात. बेन किती वेळ बसणार हे बेन ठरवत नाहीत, तुम्ही तर नाहीच नाही. नोकरीचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आहे तिथेच आहे, खुलाशाचा कागद सहीविना तसाच आहे, आणि घोरपड अजून बदलीवर आहे. तळव्याला नवी कातडी आली. खिळ्याला पर्स टांगलेली असते.

तिने तुम्हाला प्रश्न विचारलाय, साहेब, आणि तो साधा आहे. बाई बसली. वाक्य तुमच्याकडे आहे. एक तर ते परत करा, नाहीतर बसलेल्या बाईने काय म्हणावं ते तुमच्या अक्षरात लिहा आणि खाली तुमची सही करा. रविवारी पडदा वरच असेल. तो कशावर पाडायचा, बोला.